चिकणमातीतला चावा

१

डॉक्टरांना माणसं फारशी आवडत नसत, आणि माणसांची तोंडं तर मुळीच नाहीत. उभी हयात त्यांनी लोकांच्या जबड्यात वाकून काढली होती. त्यातून घर झालं, मुलगी शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, आणि दवाखाना हाताखालच्या डॉक्टरणीच्या गळ्यात घालून ते घरी बसले, तेव्हा जगाविषयी त्यांचं मत पक्कं झालेलं होतं. माणूस कितीही कडक इस्त्रीचे कपडे घालून येऊ दे, एकदा 'आ' केला की सगळं बाहेर पडतं. लोकांची नावं ते विसरायचे, पण कुणाची दाढ किडकी होती आणि कुणाच्या हिरड्यांतून पू यायचा ते वर्षानुवर्षं त्यांच्या डोक्यात राहायचं. रस्त्यात भेटलेला जुना पेशंट हसून हात करायचा, आणि हे मनात म्हणायचे, अजून नीट घासत नाही गाढव.

घरी बसल्यावर हे मत खर्च करायला गिऱ्हाईक उरलं नाही. म्हणून ते बायकोवर, शेजाऱ्यांवर आणि नळाच्या पाण्यावर खर्च व्हायला लागलं. पाणी त्याच्या मनाला येईल तेव्हा यायचं. "यांच्या मेहेरबानीवर मी अंघोळ करणार नाही," असं म्हणून डॉक्टरांनी घरामागच्या मोकळ्या जागेत जमिनीखाली टाकी बांधायचं ठरवलं.

खणायचं मोठं मशीन बाजूच्या बोळातून आत येईना. तेव्हा त्याच जातीचं, पुढे खणायची बकेट असलेलं छोटं बॅकहो आलं. मोठ्या मशीनला झालेलं सातव्या महिन्यातलं पोर वाटावं, इतकं किरकोळ. त्यावर एक वाळका माणूस बसलेला. त्याचे वरचे समोरचे दात झाडून गेलेले होते. डॉक्टरांनी त्याला नाव विचारलं नाही. मनातल्या मनात त्याचं 'बोळकं' असं बारसं करून टाकलं.

बोळक्याने टाचेने जमीन दाबून पाहिली. "खाली चिकणमाती लागेल, साहेब. बकेट सोडत नाही ही. वेळ लागणार."

"माती काही आपण होऊन सोडत नसते," डॉक्टर म्हणाले. "सोडवावी लागते. दात आपोआप पडायची वाट बघत बसलो असतो तर मी उपाशी मेलो असतो."

"माझे पडले की आपोआप," असं म्हणून बोळकं हसलं.

डॉक्टरांनी मान फिरवली. ते ओसाड हसू त्यांना बघवेना.

२

वरचा हातभर थर मुकाट्याने निघाला. त्याखाली मात्र माती बदलली. निळसर राखाडी, ओली, लोण्यासारखी गुळगुळीत आणि डिंकासारखी हट्टी. बकेटचे दाते आत रुतायचे, इंजिन घरघरायचं, मशीनचं पुढचं टोक जमिनीवरून उचललं जायचं, आणि मग खालून कुणी ओठ सोडवावेत तसा 'पच्च' आवाज होऊन गोळा सुटायचा. बकेट भरून वर यायची, पण रिकामी व्हायची नाही. उलटी धरली तरी माती तिला घट्ट धरून. बोळकं ती जमिनीवर आपटायचं, गदागदा हलवायचं, शेवटी खाली उतरून फावड्याने खरवडायचं, पाण्याच्या पिंपात बुडवून घ्यायचं, आणि पुन्हा चढून बसायचं.

डॉक्टर मागच्या दारात खुर्ची टाकून हे सगळं बघत होते. दुसऱ्याचं काम बघताना त्यांना जी शांती लाभायची ती इतर कशातच लाभत नसे.

"कोन चुकतोय तुझा," ते ओरडले.

"माती चुकतेय, साहेब."

"सगळे असंच म्हणतात. माझ्याकडे येणारे म्हणायचे, दातच वाईट आहेत हो आमचे. दात काय आकाशातून पडले?"

बोळक्याने फावडं घालून बकेटमधला एक मोठा थर उचकटला. थर वडीसारखा अखंड सुटला आणि डॉक्टरांच्या पायाशी येऊन पडला. डॉक्टर त्यावर काहीतरी कुत्सित बोलणार होते. पण वडीच्या कडेला त्यांची नजर गेली आणि वाक्य तोंडातच राहिलं.

कडेला अर्धगोल चंद्रकोरी उमटल्या होत्या. वर एक, खाली एक. पावाची स्लाइस चावता चावता कुणी मध्येच सोडून द्यावी, तशी.

कुत्रं, हा पहिला विचार. पण कुत्र्याच्या जबड्याचा आकार लांबट असतो, आणि ही कमान तर रुंद, गोल, ओळखीची होती. असल्या हजारो कमानी त्यांनी दातांचं माप घ्यायच्या गुलाबी मसाल्यात उमटवून घेतल्या होत्या.

"काय झालं, साहेब?" बोळक्याने विचारलं.

"काही नाही. तू तुझं काम कर."

डॉक्टरांनी ती वडी दोन्ही हातांनी उचलली आणि अंगरख्याला चिखल लागतोय याची पर्वा न करता आत नेली.

३

दवाखाना सोडताना त्यांनी मागच्या खोलीत थोडी हत्यारं आणि प्लास्टरचं अर्धं पोतं आणून ठेवलं होतं. कशाला आणलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आज त्याचा उपयोग झाला. चिखलातल्या ठशावर पाण्याचा हलका हात फिरवून त्यांनी प्लास्टर कालवलं, कडेने हळूहळू सोडलं, बुडबुडे निघावेत म्हणून टेबल बोटांनी ठोकत राहिले. हात अजून चोख चालत होते. डॉक्टरीण असती तर निम्मं सांडलं असतं.

संध्याकाळी त्यांनी माती धुऊन टाकली. तळहातावर पांढराशुभ्र जबडा आला. माणसाचाच. वरचे समोरचे दात आणि खालचे समोरचे दात, दोन तुकड्यांत, अगदी रेघन्‌रेघ.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि आपलं आवडतं काम सुरू केलं.

कडा सपाट झिजलेल्या. म्हणजे झोपेत दात खाणारा इसम. दिवसा कुणावर चालत नसेल, म्हणून रात्री स्वतःच्या दातांवर राग काढत असणार. एक सुळा आत वळलेला. वरच्या मधल्या दाताचा कोपरा उडालेला. दातांनी दोरे, बाटल्या, काय काय तोडायचा अडाणीपणा. खालच्या रांगेत नुसती गर्दी, एकावर एक चढून बसलेले. खालचा जबडा किंचित पुढे. असली माणसं बोलतानासुद्धा समोरच्याच्या अंगावर येतात. कुणाचं चांगलं झालेलं यांना खपत नाही, आणि स्वतःचं चांगलं झालं तरी चव लागत नाही.

"काय नमुना आहे," डॉक्टर खुशीत पुटपुटले.

जेवणाच्या टेबलापाशी बायको वर्तमानपत्र वाचत बसली होती. त्यांनी जबड्याचे दोन्ही तुकडे एकमेकांवर बसवून तिच्या पुढ्यात ठेवले.

"बघ. खड्ड्यात सापडला. कसल्या माणसाचा असेल सांग."

तिने चष्म्यावरून पाहिलं. फार वेळ घेतला नाही. "हे तुमचेच दात आहेत की. कशाला करून ठेवलेत?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"हा कोपरा नाही का उडालेला? आणि हा आतला सुळा?" तिने पान उलटलं. "तुमचेच आहेत, अहो."

डॉक्टर ताडकन उठून न्हाणीघरात गेले. आरशासमोर ओठ वर करून त्यांनी जबडा आरशातल्या आपल्या तोंडाशेजारी, दात स्वतःकडे करून धरला. आणि सुटकेचा श्वास टाकला. सुळा दुसऱ्या बाजूला होता. उडालेला कोपराही दुसऱ्या बाजूला.

मग त्यांच्या लक्षात आलं, की आरशात बाजू उलटते.

दुनियेची तोंडं त्यांनी समोरून पाहिली होती. स्वतःचं तेवढं कायम उलटं पाहिलं होतं. ते बाहेर आले तेव्हा बायको वर न बघताच म्हणाली, "मी रोज समोरून बघते."

एवढं साधं वाक्य. पण त्यात जे काही होतं ते ऐकून डॉक्टरांना पहिल्यांदा वाटलं, की आपल्याच घरात आपल्याला कुणीतरी इतकी वर्षं तपासत होतं.

४

सकाळी चहा झाला. डॉक्टर पेपर तोंडासमोर धरून बसले होते. रात्री त्यांना झोप कशी लागली हे विचारायचं धाडस बायकोने केलं नाही.

"केवढा आवाज करतेस खाताना," ते पेपरामागून म्हणाले.

आवाज चालूच राहिला. तोंड मिटून, सावकाश, काहीतरी ओलं आणि दाट चावल्यासारखा. मध्येच थांबायचा, जीभ दातांवरून फिरल्याची बारीक चुकचुक व्हायची, आणि पुन्हा सुरू.

"अगं, माणसांत बसलीयस. जरा..." त्यांनी पेपर खाली केला.

समोरची खुर्ची रिकामी होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात पाव आणि सुरी घेऊन उभी होती.

"मी अजून कापतेय," ती म्हणाली. "काय झालं?"

आवाज थांबला होता. डॉक्टरांनी टेबलावर हात ठेवला. लाकूड थंड होतं. त्यांनी चपलेतून पाय काढून फरशीवर टेकवला. फरशीत काही नव्हतं. निदान काही नाही असं म्हणण्याइतपत काही नव्हतं. ड्रेनेजचा पाइप, त्यांनी ठरवलं. खणताना पाइपाला धक्का लागला असणार, त्यात हवा शिरली असणार. त्या बिनदाताच्या माणसाला पाइप कुठून जातो याची अक्कल कुठून असणार!

"पाव खाणार ना?" बायकोने विचारलं.

तुकडा तोंडाशी नेला आणि त्यांनी तो परत ठेवला. का कोण जाणे, आत्ता आपण चावायला सुरुवात करू नये असं त्यांना वाटलं.

५

मशीन सुरू व्हायच्या आधीच त्यांनी बोळक्याला गाठलं. खिशातून प्लास्टरचा जबडा काढून त्याच्या नाकासमोर धरला.

"हा विनोद कुणाचा?"

"कसला, साहेब?"

"माझ्या दातांचं जुनं माप दवाखान्यात असणार. ते कुणीतरी आणून मातीत दाबलं. तुझीच अक्कल की कुणी शिकवलं?"

बोळक्याने जबडा हातात घेतला, उलटासुलटा केला. "मला माझेच दात नाहीत. तुमचे घेऊन कुठे हिंडू?"

"तोंड सांभाळून बोल."

"तोंडाचं तुम्ही काढलंत." जबडा परत देऊन तो मशीनकडे वळला. "हे बघा, डॉक्टर, मी माती काढायला आलोय. तुमच्या मातीत काय निघेल त्याला मी बांधील नाही. नको असेल तर आत्ता मशीन उचलतो."

गडी साहेबवरून डॉक्टरवर आला, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तो अपमान गिळला, कारण मशीन गेलं तर लबाडी कधीच उघडी पडली नसती.

"आज मी सांगेन तिथे खणायचं," ते म्हणाले. "खड्ड्याची घराकडची भिंत. आणि बकेट माझ्या हातात रिकामी करायची. तू हात लावायचा नाहीस."

बोळक्याने खांदे उडवले. दाते ओल्या भिंतीत शिरले, मशीन गुरगुरलं, 'पच्च' झालं. बकेट वर आली. तिच्यातला गोळा आतून-बाहेरून एकजीव होता. कुठे भेग नाही, कुठे जोड नाही. डॉक्टरांनी स्वतः फावडं घालून तो सोडवला, जमिनीवर बसकण मारली आणि एका तारेने तो मधोमध कापला, बायका साबण कापतात तसा.

दोन अर्धुकं अलग झाली. मध्ये पोकळी होती, मुठीएवढी. तिच्या छताला वरच्या दातांचे ठसे होते आणि तळाला खालच्या. कोपरा उडालेला. सुळा आत वळलेला.

चावा तिथे होता. घास नव्हता.

"परत," डॉक्टर म्हणाले. आवाज त्यांना स्वतःचाच वाटला नाही.

पुढच्या बकेटमध्ये अशा तीन पोकळ्या निघाल्या, एकीला लागून एक. त्यापुढच्या बकेटमध्ये त्या एकमेकींत मिसळून एक लांब बोळ झाला होता. बोळाच्या सगळ्या भिंती दातांनी कोरलेल्या. जो कुणी होता तो भराभर खात सुटला होता, आणि घराच्या दिशेने निघाला होता.

बोळकं मशीनवरून मान लांब करून बघत होतं. हसत नव्हतं.

"घूस असेल," ते म्हणालं, पण ते स्वतःलाच पटवल्यासारखं.

"घुशीला तुझ्यापेक्षा जास्त दात असतात," डॉक्टर म्हणाले. आणि आपण अजून टोमणा मारू शकतो याचं त्यांना जरा बरं वाटलं.

६

दवाखान्यात डॉक्टरीण त्यांना बघून खुर्चीतून उठून उभी राहिली. ती नेहमीच उठायची. लाचार, असं डॉक्टरांचं तिच्याविषयी मत होतं.

"सर, तुम्ही? फोन केला असता तर..."

"माझ्या दातांचं माप होतं इथं, फळीवर. कुठाय?"

"तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तुम्हीच सगळी जुनी मापं फोडून टाकायला लावलीत, सर. पोत्यात भरून तुमच्यादेखत नेली."

ते त्यांना आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच त्यांनी विचारलं होतं, की निदान तिने तरी ते माप अजून आहे असं खोटं सांगावं.

पण डॉक्टर असे सहज हरणाऱ्यांतले नव्हते. शास्त्र शिकलेला माणूस. प्रत्येक गोष्टीची परीक्षा घेता येते. कुणीतरी कुठूनतरी त्यांच्या दातांची नक्कल करत असेल, तर ती जुन्या तोंडाची नक्कल असणार. तोंड आज बदललं, आणि बदल घरात कुणाला कळू दिला नाही, तर नक्कल करणारा तोंडघशी पडणार. इतकं सरळ होतं ते.

ते पेशंटच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत ते आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते, आणि वरचा दिवा डोळ्यांत इतका खुपतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"तो कोपरा उडालेला दात काढून टाक."

तिने आरसा घालून पाहिलं, बोटाने हलवून पाहिलं. "थोडा हलतोय, सर. पण वाचेल हो. बांधून ठेवते, महिन्याभरात घट्ट होईल."

"तुला काढता येत नसेल तर तशी पाटी लाव बाहेर."

तिच्या तोंडावर मास्क होता, वर फक्त डोळे. त्या डोळ्यांत राग असता तर त्यांना आवडलं असतं. पण तिने त्यांच्याकडे पाहिलं ते आपण ज्याला समजावू शकत नाही अशा म्हाताऱ्या पेशंटकडे बघतात तसं. तिने सुई दिली, वाट पाहिली, आणि दात काढला. सांडलं काहीच नाही. खड्ड्यात लवंगेच्या तेलाची पट्टी बसवून ती म्हणाली, "जीभ लावत राहू नका तिथे."

"मला शिकवतेस?"

घरी ते तोंडाला रुमाल बांधून आले. बायकोने विचारलं, त्यांनी धुळीचं कारण सांगितलं. ना जेवले, ना बोलले. मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं, आणि सबंध वेळ जीभ त्या खड्ड्यात घालत बसले. ती तिथेच जायची. कितीही बजावलं तरी पेशंट ऐकत नाहीत म्हणून ते इतकी वर्षं करवादले होते, आणि आता कळलं की ते जिभेच्या हातात नसतं.

फरशीखाली काही आवाज नव्हता. सगळं शांत होतं. कुणीतरी खाणं थांबवून वाट बघत असावं, तितकं शांत.

७

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, आणि खड्ड्याच्या तळाला झिरपलेलं पाणी साचलं होतं. डॉक्टर रुमाल बांधून काठावर उभे राहिले आणि बोटाने जागा दाखवली.

"दाढ दुखतेय काय, डॉक्टर?" बोळक्याने विचारलं. त्यांनी फक्त हात झटकला.

एकच बकेट. गोळा सोडवला, तार घातली, दोन अर्धुकं उघडली.

वरच्या कमानीत, उडालेल्या कोपऱ्याच्या जागी, दाताचा खळगा नव्हता. तिथे माती सपाट दाबली गेली होती, आणि त्या सपाट जागेच्या मधोमध एक बारीक टेंगूळ वर आलेलं होतं. दात नुकताच काढल्यावर हिरडीत खड्डा राहतो. त्या खड्ड्यात माती शिरून उमटेल, तेवढंच टेंगूळ. डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवलं. मग ते बोट नाकाशी नेलं.

लवंगेचं तेल.

बोळक्याने इंजिन बंद केलं होतं. मग डॉक्टर उठले, शिडी ओढली आणि खड्ड्यात सोडली.

"डॉक्टर, खाली नका जाऊ. भिंत फुगलीय बघा. अंगावर येईल."

"तू मला सांगू नकोस," रुमालाआडून ते म्हणाले. घाबरलेल्या माणसाला मागे फिरायला एखादं माणूस हवं असतं, ज्याचं ऐकण्यात कमीपणा वाटणार नाही. असं माणूस डॉक्टरांनी जगात शिल्लक ठेवलं नव्हतं.

खाली चिखलाने चपला ओढून घेतल्या. अनवाणी पायांनी, प्रत्येक पाऊल उपटत, ते खड्ड्याच्या घराकडच्या भिंतीपाशी गेले. बकेटने जिथून शेवटचा गोळा ओढला होता तिथे एक भोक उघडं पडलं होतं. चेहरा मावेल एवढं. त्याच्या कडांवर दातांची नक्षी. आतून हवा येत होती. गरम, थांबून थांबून, लवंगेच्या वासाची.

डॉक्टर गुडघ्यांवर बसले. सवयीने मान किंचित तिरपी केली, प्रकाश आत जावा म्हणून, आणि डोकावले.

आधी वाटलं, पाणी चमकतंय. मग त्या चमकण्यातून एक रांग वेगळी झाली. ओल्या, झिजलेल्या कडांची रांग. रांगेत एक फट. आणि फटीत काहीतरी हललं. लाल, मऊ, टोकदार. आत बाहेर, आत बाहेर, चाचपत.

ते जिभेचं टोक होतं. त्याच क्षणी डॉक्टरांच्या ध्यानात आलं, की आपली जीभसुद्धा खड्ड्यात चाचपते आहे. त्याच लयीत. अगदी बरोबरीने.

आरसा, त्यांच्या डोक्याने शेवटची धडपड केली. पाण्यात पडलेलं प्रतिबिंब. प्रकाशाचा काहीतरी खेळ.

त्यांनी जीभ थांबवली.

ती थांबली नाही.

ती निवांत फिरत राहिली, फटीतून, कडांवरून, काम झाल्यावर माणूस दात साफ करतो तशी. मग अंधारात वरचा ओठ एका बाजूला किंचित वळला. तो वळणारा ओठ डॉक्टरांनी आजवर कधी पाहिला नव्हता. तो फक्त त्यांच्या पेशंटनी पाहिला होता, दिव्याखाली 'आ' करून आडवं पडलेलं असताना, खालून वर.

८

"बुजव," असं ते ओरडल्याचं मशीनवाल्याने नंतर सांगितलं. त्यानेच त्यांना शिडीवरून काखेत हात घालून वर ओढलं. त्याच्या हाताला चांगला जोर होता. डॉक्टरांनी ते लक्षात घेतलं, आणि इतक्या वेळानंतर त्यांना त्याचं खरं नाव विचारावंसं वाटलं. पण तोंड उघडवेना.

"एवढं खणलं आणि आता बुजवायचं?" बायको मागच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"बुजवू द्या, वहिनी," मशीनवाला म्हणाला. "मी टाकीसाठी दुसरीकडे खणून देतो. इथं नको."

त्याने खड्डा बुजवला. जेवढी माती काढली होती तेवढी सगळी, ढिगाच्या बुडापर्यंत खरवडून, आत लोटली. मशीनने ती दाबली. ढीग संपला तरी खड्डा गुडघाभर रिकामाच होता. दाबल्यामुळे बसली असेल म्हणावं, तर उकरलेली माती नेहमी जास्तच भरते, हे तोही जाणून होता. ती उणीव त्याने बोळातले दगड आणि विटांचे तुकडे टाकून भरली, मशीन चढवून नेलं, आणि जाताना मागे वळून पाहिलं नाही.

डॉक्टरांनी अंघोळ केली. पाणी आलेलं होतं. रुमाल धुवायला टाकला. बायकोने त्यांच्या तोंडातली फट पाहिली. मुलीला तिने आतल्या खोलीतून फोन केला, हळू आवाजात, आणि उद्या येतेस का असं विचारलं.

संध्याकाळी तिने टेबल मांडलं. गरम भात, वर वाफ. डॉक्टर समोर येऊन बसले. शहाण्यासारखे, हात मांडीवर ठेवून. घरात कसलाच आवाज नव्हता. फरशीखालीही नाही.

"मऊ केलाय," ती म्हणाली. "चावावं लागणार नाही. घ्या."

त्यांनी ताटाकडे पाहिलं. पोट आतून गच्च होतं. जड, थंड, खालून वरपर्यंत भरलेलं. वाकायलासुद्धा जागा नव्हती.

"अहो, कालपासून पोटात काही नाही तुमच्या. एक घास तरी."

"झालंय माझं," ते ओठ न उघडता म्हणाले.

"झालंय? कधी? काय खाल्लंत?"

ती टेबलावरून पुढे वाकली. तिच्या आवाजात आज कुजकटपणा नव्हता, नुसती काळजी होती. तेवढ्यासाठी तरी तिला नीट उत्तर द्यावं असं त्यांना वाटलं. त्यांनी मान वर केली आणि सांगायला तोंड उघडलं. फटीतून ओल्या, निळसर राखाडी मातीचा एक ठिपका भातावर पडला.

बायकोचा हात ताटावरून सुटला. तिने त्यांच्या तोंडात पाहिलं, मग त्यांच्या डोळ्यांत, आणि पुन्हा तोंडात. मग खुर्ची मागे सारून ती उठली आणि एकेक पाऊल मागे सरकत गेली, भिंतीला पाठ लागेपर्यंत.